मोऱ्यांची पट्टी

घर बदललं की जुनं घर रिकामं होतं. लॅपटॉप बदलताना तसं होत नाही. सगळ्या फाइली नव्या यंत्रावर पोचल्या तरी जुन्यावरचा एक स्वल्पविरामही कमी झालेला नसतो. आपण सवयीनं ‘फाइली हलवल्या’ म्हणतो. प्रत्यक्षात पलीकडे प्रत तयार होते आणि मूळ आपल्या जागी राहतं. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. प्रत अर्धवट उतरली, बिघडली, वाचता येईना, तर मूळ शिल्लक आहे. म्हणून नवा लॅपटॉप घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं, की जुना लगेच कुणाला देऊ नका, विकू नका, आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. निदान एक दिवाळी जाऊ द्या.

माझ्याकडे हे काम निघालं ते विंडोज १०मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ला चालणाऱ्यांच्या यादीत नव्हता. यंत्र तसं धडधाकट होतं. संपादन आणि मुद्रितशोधन हे माझं काम, त्यामुळे त्यात इतक्या वर्षांची पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका, लेखकांनी पाठवलेले खर्डे, प्रुफं असं सगळं साठलेलं. फोटो, बिलं, बँकेचे कागद यांचं मी फार मनावर घेतलं नाही. ते एका दुपारी गेले.

प्रत होताना खिडकीत फाइलींची नावं भरभर सरकत असतात. चार जीबीची एकच चित्रफीत पाहता पाहता उतरते, आणि चार जीबीच भरतील अशा हजारो छोट्या वर्ड-फाइली मात्र रेंगाळतात, कारण प्रत्येकीचं नाव, जागा, तारीख यांची नोंद वेगळी करावी लागते. त्या रेंगाळण्यात नावं वाचता येतात. काही लेखक आता नाहीत. त्यांच्या नावाचं फोल्डर सरकताना दिसलं की हात थांबतो. पण थांबवायचं काही नसतं, ते आपलं आपण जात असतं.

प्रतीत एक गोष्ट मात्र गुपचूप बदलते, ती म्हणजे तारीख. विंडोजमध्ये नेहमीच्या कॉपी-पेस्टनं फाइल नेली की तिला ‘तयार झाल्याची’ तारीख आजची लागते, ‘बदलल्याची’ मात्र जुनीच राहते. २००९ साली शेवटचा हात फिरलेला लेख मग काल जन्मलेला दिसतो. संपादकाला हे चालण्यासारखं नाही. कुठला खर्डा आधीचा, लेखकाची दुरुस्ती प्रुफाआधी आली की नंतर, याचा निकाल कित्येकदा तारखेवरच लागतो. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे. ती काळ्या खिडकीत टाइप करावी लागते, म्हणून लोक बिचकतात, पण फाइलींच्या तारखा ती जशाच्या तशा नेते. फोल्डरांच्या तारखांसाठी तेवढं वेगळं सांगावं लागतं. कागद जपणाऱ्या प्रत्येकानं ही एक आज्ञा शिकून घ्यावी.

सॉफ्टवेअर असं उचलता येत नाही. लेख ही एक फाइल असते. प्रोग्राम मात्र बसवताना यंत्रभर पसरतो. थोडा प्रोग्राम फाइल्समध्ये, थोडा सिस्टिमच्या फोल्डरांत, आणि त्याच्या परवान्याच्या, आपल्या सवयींच्या नोंदी रजिस्ट्रीत. नुसतं फोल्डर उचलून नव्या यंत्रावर ठेवलं तर बहुतेक प्रोग्राम सुरूच होत नाहीत. ते पुन्हा बसवावे लागतात, त्याला मूळ सीडी लागते, परवान्याचा क्रमांक लागतो. ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर यांचं सोपं आहे. खात्यात शिरलं की ते पुन्हा उतरून येतात.

अडतं ते मराठीपाशी.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं छपाईच्या धंद्यातल्या माझ्या पिढीला पाठ आहेत. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मराठी अक्षरजुळणी यांच्यावर चालली. अशा सॉफ्टवेअरबरोबर पुष्कळदा एक डोंगल यायचा. त्याला आम्ही नुसतं ‘लॉक’ म्हणायचो. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला ते मागून लावायचं, पुढे यूएसबीचं आलं. लॉक लावलं असेल तरच सॉफ्टवेअर चालायचं. आजच्या लॅपटॉपला तो प्रिंटरचा पोर्ट नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे. तिच्यात लॉकचा जुना ३२ बिटांचा ड्रायव्हर चढत नाही, आणि १६ बिटांचे प्रोग्राम तर चालतच नाहीत. पानं ज्यात लावायची त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची. तिच्या फाइली इनडिझाइनमध्ये सीएस६पर्यंत उघडता यायच्या, त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. म्हणजे दारं एकेक करून बंद होत गेली. ज्याचं त्या दिवशी त्या दाराशी काम नव्हतं, त्याला ते कळलंही नाही.

अशा फाइली माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण जिच्यासाठी मी हे सगळं जीव लावून केलं ती माझ्या मामांची.

मामांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. कोयना धरण प्रकल्पाचं काम १९५४ साली सुरू झालं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशयाचं पाणी चढलं, आणि जावळीच्या खोऱ्यातली माणसं उठून कुणी वरच्या डोंगरउतारावर, कुणी सोलापूरकडे, कुणी ठाण्यात आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेली. त्या उठण्याचं नाव लॅपटॉपच्या कामाशेजारी घेणं मला बरं वाटत नाही. घेतलं ते फाइलीत काय आहे हे कळावं म्हणून. मामा शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका वहीत गावाची नोंद लिहून काढली. आठवणी थोड्या, याद्या जास्त: कुठल्या वाडीला कुठली वाट, पाणवठे कुठले, कुठल्या देवाला कधी नैवेद्य, आणि शेतांची नावं. नुसती शेतांचीच नावं कित्येक पानं. २००३च्या सुमारास तालुक्याच्या गावच्या एका डीटीपीवाल्याकडून त्यांनी ती वही टाइप करून घेतली आणि सीडी माझ्या हातात दिली. “अगं, वहीला वाळवी लागायची. ही तुझ्याकडं असू दे.” वही पुढे खरोखरच गेली, वाळवीनं नव्हे, पावसात छप्पर गळून.

ती फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरं दिसली. मधेच कंस, टक्क्यांची खूण, अर्धविराम. एकही शब्द मराठी नाही.

यात बिघाड काही नव्हता. फाइल अगदी शाबूत होती. त्या काळचे फॉन्ट असेच चालायचे. हिंदीत आणि आपल्याकडेही बराच चाललेला कृतिदेव घेतला, तर ‘मराठी’ हा शब्द त्यात इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच असा साठवलेला असतो. ईच्या जागी म काढलेला, जेच्या जागी र, केच्या जागी काना. फॉन्ट असेपर्यंत आपल्याला ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट नसेल तर ती पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. संगणकाच्या लेखी तिथं मराठी कधी नव्हतंच. त्यामुळे त्या फाइलीत शब्द शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. आणि फॉन्टात जागा जेमतेम २५६, त्याही सगळ्या वापरता येत नाहीत. देवनागरीची जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या, रफार एवढ्यात बसवायचे म्हणून प्रत्येक कंपनीनं आपापली मांडणी केली. एकीचा काना तो दुसरीचा अर्धा श.

दुसरी वाट तेव्हाही होती, आणि ती आपल्या पुण्यातूनच जात होती. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये अक्षर दिसतं कसं यापेक्षा अक्षर आहे कोणतं हे साठवण्यावर काम चालू होतं. इस्की हे त्या संकेताचं नाव. १९९१ साली ते भारतीय मानक झालं, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधली देवनागरीची रचना इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पण छापखान्याला या वाटेनं जाण्याचं कारण नव्हतं. पेजमेकरला इस्की कळत नव्हती, आणि विंडोजमध्ये देवनागरी मुळापासून आली ती विंडोज २०००मध्ये, मंगल फॉन्टबरोबर. त्या काळच्या डीटीपीवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांनी द्यायचा माल म्हणजे ट्रेसिंगवरची स्वच्छ प्रिंट. तिची प्लेट झाली, पुस्तक छापलं, काम संपलं. फाइल ही मधली पायरी होती. वीस वर्षांनी कागद गेलेला असेल आणि हीच मधली पायरी कुणाच्या तरी हातात शेवटची उरलेली असेल, असं तेव्हा कोणाच्या मनात येणार?

आता या फाइली युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. काही फुकट आहेत, काही चांगले आहेत. पण ते चित्राचं अक्षर करतात, आणि तिथं घोटाळे होतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी टाइप व्हायची, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. जुन्यात रफार शेवटी, युनिकोडमध्ये तो ‘र्’ होऊन आधी. ही अदलाबदल चुकली की ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं, ‘कार्य’चं ‘कायर्’. हे निदान डोळ्यांना खुपतं, लगेच सापडतं. खरी भीती आहे ती ‘ऱ्य’ची. ऱ्य, ऱ्ह यांतली ती र ची आडवी खूण मराठीला पदोपदी लागते, हिंदीला लागत नाही. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कन्व्हर्टरला ती पुष्कळदा ओळखताच येत नाही, आणि तो ती गाळून पुढे जातो. शेतकऱ्यांना या शब्दाचं मग ‘शेतकयांना’ होतं. इंटरनेटवरच्या जुन्या मराठी बातम्यांमध्ये ‘अधिकायांनी’ आणि ‘कर्मचायांचे’ ज्यांनी वाचलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मोकळी चौकट नाही, प्रश्नचिन्ह नाही. खूण कुठे होती याचा मागमूसही राहत नाही.

मामांच्या फाइलीत कोयनेच्या ‘दयाखोया’ आल्या. देवळाच्या ‘पायया’ आल्या. हे कोणीही दुरुस्त करील. पण शेतांच्या यादीत ‘मोयांची पट्टी’ आली तिथं मी थांबले. दया आणि पायया हे संदर्भावरून कळतात. शेताच्या नावाला संदर्भ कसला? यादीतलं एक नाव, मागे-पुढे दुसरी नावं. बाहेरच्या माणसाला ‘मोय’ नावाचं झाड असेल, आडनाव असेल, असंही वाटू शकतं. म्हणून जुना लॅपटॉप चालू केला, त्याच्यावर तो फॉन्ट होता. दोन यंत्रं शेजारी ठेवली आणि ओळीला ओळ लावून वाचायला बसले. जुन्या पडद्यावर स्वच्छ ‘मोऱ्यांची पट्टी’. जावळी म्हटल्यावर मोरे आठवायलाच हवेत. शिवाजीमहाराजांनी १६५६ साली जावळी घेतली ती चंद्रराव मोऱ्यांकडून, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्या घराण्याशी या पट्टीचा संबंध असेल किंवा नुसत्या कुणा शेतकरी मोऱ्यांची ती असेल, ते निराळं. पण र ची ती एक खूण गेली असती तर शोध घ्यायची जागाच उरली नसती. आणि ते शेत जाऊन बघावं म्हटलं तर ते पाण्याखाली.

मग ती यादी मी पूर्ण, सावकाश, दोन्ही पडद्यांवर वाचली. आंब्याचं खाचर, चिंचेचा डाग, ओढ्याखालची लवण. वाचताना एका ठिकाणी दोन्ही यंत्रं एकच सांगत होती आणि तरी मला ते पटेना: ‘घावडाचं टेप’. टेप म्हणजे उंचवटा, पण घावड म्हणजे काय? मामांना फोन केला.

“मामा, तुमच्या यादीत घावडाचं टेप आहे. बरोबर आहे का?”

“घावडाचं नव्हे गं, धावडाचं. माझा ध त्या पोराला घ वाटला असणार.”

“धावड म्हणजे झाड?”

“झाड नव्हे, माणसं. लोखंड गाळायची. आमच्या आधीची गोष्ट. नांगर लागला की त्या टेपावर काळा कीट निघायचा, जड, भोकाभोकांचा. आम्ही पोरं तो गोळा करायचो.”

महाबळेश्वरच्या आसपासच्या जंगलात धावड लोक लोखंडाची माती भाजून लोखंड काढत. जुन्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे, आणि ती मी पूर्वी वाचलेली होती. पण त्यांच्या भट्टीचा कीट माझ्या आजोळच्या एका टेपावर नांगराला लागत होता हे मला माहीत नव्हतं. वीसेक वर्षं ती फाइल सीडीवरून डेस्कटॉपवर, डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर येत राहिली. दर वेळी बरोबर उतरली, एक बाइटही कमी झाली नाही. आणि दर वेळी ‘घावड’च उतरलं, कारण ती वाचली कोणीच नव्हती. ती वाचली गेली, ती वाचता येईना तेव्हा. प्रत अचूक असणं आणि मजकूर पोचणं या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे ते मला त्या फोनवर दिसलं.

आपल्याकडे हे पूर्वी मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. पेशवे दप्तराचे रुमाल शाबूत होते, पण ते मोडीत. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद बाळबोधीत आणून ४५ खंडांत छापले, म्हणून ते मोडी न येणाऱ्यांच्या हाती आले. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत; वाचणाऱ्याला माणसं, गावं, व्यवहार आधी ठाऊक असावे लागतात. कागद जपणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण एकेक ओळ लावून वाचणाऱ्यांचे मला जास्त वाटतात, कारण त्यांच्या नावानं कोणी दालन उभारत नाही. आपल्या पिढीची मोडी आपण स्वतः तयार केली, तीही पाऊणशे-शंभर वर्षांत नव्हे, वीस-तीस वर्षांत. आणि ती वाचता येणारी यंत्रं माणसांहून लवकर जात आहेत.

युनिकोडमध्ये एकदा आलं की पुष्कळसं सुटतं. नव्या विंडोजमध्ये मंगल आपोआप येत नाही, तो वेगळा मागवून बसवावा लागतो. पण तो नसला तर निर्मला असतो, आणि अक्षर तेच राहतं, फक्त वळण बदलतं. मराठीचा स्वतंत्र ॲसुद्धा २००८ साली युनिकोडमध्ये आला. आता मामांच्या फाइलीत ‘खाचर’ शोधलं की गावातली सगळी खाचरं एकाखाली एक येतात. मूळ फाइल मात्र मी टाकलेली नाही आणि कोणी टाकूही नये. एका फोल्डरात मूळ फाइल, तिच्या फॉन्टची फाइल, जुन्या यंत्रावर काढलेली पीडीएफ, म्हणजे पान कसं दिसत होतं ते कायम राहतं, आणि चौथी युनिकोड प्रत. पुढच्या कुणाला माझ्या वाचनाबद्दल शंका आली तर त्याला ताळून पाहता आलं पाहिजे.

धावडाचं टेप दुरुस्त झाल्याचं मामांना कळवलं तेव्हा त्यांनी त्या डीटीपीवाल्याची चौकशी केली. दुकान त्यानं केव्हाच बंद केलंय, पण यंत्र, लॉकसकट, घरी माळ्यावर ठेवलेलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यानं ते खाली काढून पुसून ठेवलं होतं. चालू झालं. त्यात लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, पदरमोड करून छापलेले दोन-चार कवितासंग्रह, ग्रामपंचायतीचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. “ताई, घेऊन जा सगळं. मला आता कुणी मागायला येत नाही,” म्हणाला. पत्रिका सोडून सगळं घेतलं. मग परत जाऊन पत्रिकाही घेतल्या, कारण त्यांत आजोळांची आणि गावांची नावं असतात.

सध्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेवर काम चालू आहे. मागे माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. कन्व्हर्टरनं त्यात ‘कुहाडे’ आणि ‘बहाटे’ करून ठेवलेत. ते कुऱ्हाडे आणि बऱ्हाटे आहेत हे मला कळतं, पण काही आडनावांचं नक्की सांगता येत नाही. शाळेत जुने हजेरीपट आहेत असं मुख्याध्यापक म्हणाले. पुढच्या शनिवारी ते बघायला जायचं ठरलंय.